जुनी कार्डे, खरी किंमत

लोणावळ्याच्या पावसात कपाटे उपसावीच लागतात. परवा चिक्कीच्या डब्यात मुलांच्या अब्बांनी लहानपणी ‘बिग फन’ बबलगमवर जमवलेली क्रिकेटची कार्डे सापडली. फीचा महिना, विकायचे ठरले. आम्ही भिंग घेतले. छापखान्याच्या छपाईत रंगांचे ठिपके ठरावीक नक्षीत दिसतात, घरच्या प्रिंटरचे विखुरलेले. थोरल्याने संच पुरा करायला बाजारातून आणलेले कार्ड नकली निघाले! बाकीच्यांचे कोपरे झिजलेले, एकावर बुरशी.

“कडा कापून सरळ करू?” नको. कापलेले कार्ड मापात कमी भरते. पुसू नये, लॅमिनेट करू नये, कोरडे ठेवावे.

थोरल्याने नकलीच्या पाठीवर स्वतःच ‘नकली’ लिहिले. गिऱ्हाइकाला बुरशीही आधी दाखवली. पैसे कमी आले, पण हलाल आले.