‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हात झटकू नका

गर्भलिंगचाचणी, हुंडा, मारहाण, परित्यक्तांचे प्रश्न, जमिनीतला वाटा या सगळ्यांवर आपण मोर्चे काढले, पत्रकं वाटली, कोर्टात खेटे घातले. पण बाई सत्तरीला पोचली की ती आपल्याही विषयपत्रिकेवरून गळून पडते. चळवळीच्या पहिल्या फळीतल्या कितीतरी जणी आज स्वतःच त्या वयात आहेत. म्हणून या वेळी म्हातारपणातल्या एका आजाराबद्दल बोलायचं ठरवलं आहे. तो आजार म्हणजे स्मृतिभ्रंश, डिमेन्शिया.

वस्तीत काम करताना हा शब्द मला क्वचितच ऐकू येतो. ऐकू येतं ते असं : ‘म्हातारी नाटकं करते’, ‘जेवून उठली की जेवायला दिलं नाही म्हणते’, ‘सुनेनं पैसे चोरले म्हणून गल्लीभर सांगते’. साठी बुद्धी नाठी म्हणून सगळे मोकळे होतात. हा चळ नाही, मेंदूचा आजार आहे. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी जिची तपासणी केली, ती एक्कावन्न वर्षांची गृहिणी होती. तिच्या आजाराची सुरुवात झाली होती नवऱ्यावरच्या संशयानं. आपल्याकडे तिला भांडकुदळ ठरवून घरातच डांबलं असतं.

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे, शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे, आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त आहे. बायका जास्त जगतात हे त्याचं एक कारण. पण लहानपणी शिक्षण कमी मिळणं हाही या आजाराचा धोका वाढवणारा घटक आहे, असं ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालात म्हटलं आहे. भावंडं सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुलीला त्याची किंमत सत्तरीतही मोजावी लागते.

हा आजार बरा करणारं औषध आज नाही. काही औषधांनी थोडा काळ, थोडा फरक पडतो. मग डॉक्टर कागदावर लिहून देतात : ‘व्यायाम आणि मेंदूला चालना’. याचा खरा उपयोग किती, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण याच दोन शब्दांवर स्मरणशक्तीची टॉनिकं आणि मोबाइलवरचे खेळ विकणारी दुकानं उभी आहेत.

ब्रिटनमध्ये ४९४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. चार महिने जोरकस व्यायाम करून रुग्णांची शारीरिक ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. तेव्हा ‘व्यायामानं आठवण परत येईल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मात्र खुर्चीतून स्वतः उठता येणं, संडासापर्यंत चालता येणं, तोल सावरता येणं याचं मोल त्या बाईला विचारा. अंथरुणाला न खिळता काढलेलं प्रत्येक वर्ष तिच्या आत्मसन्मानाचं असतं.

मेंदूला चालना देण्याबाबत ब्रिटनमध्येच २००३ साली एक साधी पद्धत तपासली गेली. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, छोट्या गटात. एकमेकींची नावं घेत चेंडू टाकायचा, एक गाणं म्हणायचं, मग एखाद्या विषयावर बोलायचं : लहानपण, खाणं, जुने फोटो, ओळखीचे आवाज. ‘आज तारीख काय?’ अशी परीक्षा घ्यायची नाही. ‘तुम्हाला यातलं काय आवडतं?’ असं मत विचारायचं. त्यातून विचारशक्तीत आणि जगण्याच्या समाधानात थोडी पण खरी सुधारणा दिसली. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेनं ही पद्धत तमिळ वृद्धांसाठी जुळवून घेतली. मराठीत ती आणायला यंत्रं लागत नाहीत. जागा, वेळ आणि शिकलेलं माणूस लागतं.

यावर घरोघरी एक प्रश्न हमखास येतो : ‘जन्मभर राबलीय, तिला कसला आलाय व्यायाम?’ मैत्रिणींनो, राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. हंडे वाहून मान मोडते, उकिडवं बसून गुडघे जातात, आणि तोल सावरणारे स्नायू तसेच कमकुवत राहतात. खुर्चीला धरून दहा वेळा उठणं-बसणं, टाचा उचलणं, कुणाच्या सोबतीनं रोज ठरलेल्या रस्त्यानं चालणं हे तिच्या स्वतःच्या शरीरासाठी आहे. बहुतेकींच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच घडतं. अर्थात आधी डॉक्टरांना दाखवून, पायात घट्ट चप्पल घालून आणि जवळ माणूस ठेवूनच.

दुसरा प्रश्न साधनांचा. शब्दकोडी आणि कागद-पेन्सिलीचे खेळ शाळेत गेलेल्यांसाठी बनलेले असतात. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात काम करणाऱ्या संशोधकांना लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तपासणीचे प्रश्नच नव्यानं घडवावे लागले होते. आपल्या बायकांची स्मृती जात्यावरच्या ओव्यांत, पेरणीच्या दिवसांत, बाजारच्या भावांत, मसाल्याच्या वासात साठलेली आहे. गटाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण इथे एक सावधगिरी बाळगा. आजीला मटार सोलायला बसवलं की तिचे हात चालतात, मन रमतं, हे खरं. मात्र ते तिला हवं म्हणून असावं. अर्ध्यात उठून जायची मुभा तिला हवी, आणि दाणे सांडले म्हणून कुणी ओरडता कामा नये. नाहीतर उपचाराच्या नावाखाली तिचं फुकटचं घरकाम पुन्हा सुरू होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं : हे करणार कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या देखभालीतले ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. आपल्या सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१ टक्के. एका वस्तीत शिवणकामाचा कारखाना सोडून सासूजवळ बसलेली सून मला म्हणाली, “ताई, ह्यांचा व्यायाम मी घेते. पण माझी पाठ कोण बघणार?” घरात नवरा होता, दोन धडधाकट दीर होते. डॉक्टरांनी सूचना दिल्या त्या मात्र तिलाच. समाज या दुखण्यालाही सासू-सुनेचं भांडण म्हणून बघतो. खरं तर दोघीही एकाच व्यवस्थेनं एका खोलीत कोंडलेल्या असतात.

म्हणून व्यायाम आणि मेंदूची चालना ही सुनेच्या यादीतली आणखी दोन कामं होता कामा नयेत. ती सार्वजनिक सोय व्हायला हवी. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०पासून कागदावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार त्यात अभिप्रेत आहेत. आपल्या तालुक्यात ते होतं का, हे जाऊन विचारा. प्रत्येक प्रभागात आणि मोठ्या गावात दिवसाचं देखभाल केंद्र मागा. हे काम आशांवर टाकायचं असेल तर त्याचं प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मागा. फुकट राबायला आशाही बाईच आहे!

सरकारकडे मागणी करतानाच गटांना काही सुरू करता येईल. महिला मंडळाची खोली आठवड्यातल्या दोन दुपारी अशा आठ-दहा वृद्धांसाठी उघडा. आजोबांनाही बोलवा. आधी सगळ्यांचे कान, डोळे, रक्तदाब, साखर तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर गाण्याचा काय उपयोग? वृद्धांना पोचवण्या-आणण्याचं काम मुलग्यांनी आणि नातवांनी करायचं, ही अट घाला. आणि त्या दोन तासांत सुनेनं, लेकीनं काय करावं हे कुणीही सांगू नका. ती झोपेल, मैत्रिणीकडे जाईल, नाहीतर नुसती बसेल. तो वेळ तिचा आहे.

पुढच्या बैठकीत एकच प्रश्न फिरवून पाहा : आपल्यापैकी किती जणी घरी अशा माणसाची देखभाल करतात, आणि कामाला हात लावणारा दुसरा कोण आहे? उत्तरं आम्हाला लिहून पाठवा. आरोग्य खात्याकडे निवेदन घेऊन जाताना ती सोबत जोडायची आहेत.