विश्लेषण : टुंड्राचे पाहुणे अप्पर वर्धाच्या गाळात

‘टुंड्रातले संकटग्रस्त प्राणी’ म्हटले की मोबाइलवर हमखास येते ते वितळत्या बर्फावरचे पांढरे अस्वल. त्याचे संकट खरेच आहे. पण शेंदूरजनाघाटच्या संत्रा उत्पादकाने त्यासाठी नेमके काय करायचे? हळहळायचे आणि बोटाने पडदा पुढे सरकवायचा, एवढेच.

प्रत्यक्षात टुंड्रा दर हिवाळ्यात वऱ्हाडात येतो. मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण किंवा गावोगावचे तलाव ओसरू लागले, की काठच्या ओल्या गाळात चोच खुपसत पळणारे चिमणीएवढे करडे पक्षी दिसतात. हा छोटा टिलवा. वजन साधारण २५ ग्रॅम, आणि जन्म उत्तर स्कँडिनेव्हिया ते सायबेरियाच्या टुंड्रात.

टुंड्रा म्हणजे नेमके काय?

झाड उगवत नाही असा थंड, उघडा प्रदेश. आर्क्टिकमध्ये तिथली खालची जमीन बारमाही गोठलेली असते. उंच डोंगरांवर, वृक्षरेषेच्या वरही असाच पट्टा असतो. आपल्याकडे तो हिमालयात आहे. हिमबिबट्या तिथलाच, जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत त्यांची संख्या ७१८ निघाली, पैकी ४७७ लडाखमध्ये. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करणारा पट्टकदंब हा हंस हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरतो.

संकट कुठे आहे?

दोन्ही टोकांना. टुंड्राचा उन्हाळा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यात अंडी, पिले आणि परतीची तयारी उरकायची. बर्फ लवकर वितळला तर किडेही लवकर निघतात, आणि पिले अंड्यातून बाहेर येईपर्यंत त्यांचा भर ओसरलेला असतो. लेमिंग नावाचे उंदीर कमी झाले की आर्क्टिक कोल्हा अंड्यांकडे वळतो, ते वेगळेच. तिथून निसटलेल्या पक्ष्याला वाटेत दलदली बुजवलेल्या सापडतात.

परिणाम आकड्यांत दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक ‘लाल यादी’त १६ स्थलांतरित काठपक्षी आधीपेक्षा जास्त धोक्याच्या गटात गेले. सायबेरियात जन्मणारा आणि मुंबई-ठाण्याच्या खाडीत हिवाळा काढणारा बाकचोच तुतारी त्यांतलाच. तो आता ‘असुरक्षित’ गटात आहे. छोटा टिलवा अजून त्या यादीत धोक्याबाहेर आहे. माझ्या मते लक्ष द्यायची वेळ हीच, कारण यादीत चढलेला पक्षी खाली आणणे फार महाग पडते.

आपल्या हातात काय?

सायबेरियाचा बर्फ नाही, पण धरणाचा काठ आहे. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. पाणी संत्र्याला मिळालेच पाहिजे आणि गाळपेर बंद करा म्हणणेही अन्यायाचे. ज्यांची जमीन धरणात गेली किंवा ज्यांना जमीनच नाही, त्यांचा तो घास आहे. पट्टकदंबांचा थवा हरभऱ्यावर उतरला तर शेतकरी चिडणार, तेही समजण्यासारखे आहे.

मात्र पाण्याला अगदी लागून असलेली, पावलाला चिखल लागेल अशी पट्टी सोडता येते. तिथे पेरा नको, कीटकनाशकाची फवारणी नको, ट्रॅक्टर नको. तलावाच्या उथळ टोकाकडे ही पट्टी रुंद ठेवावी, कारण पक्ष्यांचे खाणे तिथेच असते. गाळपेराची जमीन भाडेपट्ट्याने देतानाच ही अट लिहिली तर वेगळा निधी लागत नाही. रात्री जाळे लावून पाखरे धरणाऱ्यांना मात्र कसलीही सवलत नको. तो सरळ गुन्हा आहे.

आणि मोजणीचे काय? आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. स्वयंसेवकच ती करतात. दुर्बीण, वही आणि सकाळचे दोन तास पुरतात. येत्या जानेवारीत आपल्या गावच्या तलावाचे नाव त्या नोंदीत यावे, यासाठी शाळेतल्या विज्ञान शिक्षकांशी आताच बोलून ठेवा.