शाळेच्या दारातील दोनशे मीटर

मुलाच्या शिक्षणाची तजवीज आपण त्याच्या जन्मापासून करतो. आवर्ती ठेव उघडतो, विम्याचे हप्ते भरतो, प्रवेशासाठी खेटे घालतो. मात्र ज्या रस्त्याने ते मूल वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ये-जा करणार, त्या रस्त्याचा विचार क्वचितच कोणी करतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती. म्हणजे दररोज सरासरी सव्वीस, जवळजवळ एक लहानसा वर्ग.

प्रश्नाचे स्वरूप पाहायचे तर लखनौचा चारबाग परिसर उत्तम नमुना ठरावा. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला गेलेल्या मराठी प्रवाशांना लाल-पांढऱ्या घुमटांचे ते देखणे स्थानक आठवत असेल. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच ई-रिक्षा, टेम्पो, सामानाचे हातगाडे आणि प्रवाशांना हाका मारणारे चालक यांचा जो कल्लोळ सुरू होतो, तो नाका हिंडोळ्यापर्यंत थांबत नाही. 5 सप्टेंबर 2017 रोजी लखनौ मेट्रोचा पहिला टप्पा ट्रान्सपोर्ट नगरपासून चारबागपर्यंत सुरू झाला. तरी खालच्या रस्त्यावरची झुंबड हटलेली नाही. याच गर्दीत श्री जयनारायण महाविद्यालयासारखी जुनी संस्था आहे, आसपासच्या गल्ल्यांत लहानमोठ्या शाळा आहेत. गाडी पकडण्याची घाई असलेला प्रवासी आणि पाठीवर दप्तर घेतलेले मूल एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. त्यांतल्या एकालाच वेळेचे आणि वेगाचे गणित कळत असते.

शाळांसमोरील कोंडीचा विषय लखनौत न्यायालयापर्यंत पोहोचला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने 2024 साली त्याची दखल घेतली आणि लहान वर्गांतील मुलांना शाळेच्या आवारातच उतरवून घेण्याची व्यवस्था करण्यास शाळांना बजावले. चर्चेत होत्या त्या प्रामुख्याने हजरतगंज भागातील प्रशस्त मैदानांच्या शाळा. आदेश योग्यच आहे. पण तो मोटारीने येणाऱ्या मुलाची काळजी वाहतो. चारबागसारख्या दाट वस्तीत ज्या शाळेचा दरवाजा थेट रस्त्यावर उघडतो, तिने आवार आणावे कोठून? आणि जे मूल पायीच येते, त्याला आवाराच्या फाटकापर्यंत सुखरूप पोहोचवायचे कोणी?

माझ्या मते या प्रश्नाचे मूळ गर्दीत नसून वेगात आहे. कोंडी त्रासदायक असते, परंतु जीव घेतो तो कोंडी फुटल्यावरचा मोकळा रस्ता. साधे गणित मांडून पाहू. चालकाचे लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर ताशी 30 किलोमीटर वेगाचे वाहन कोरड्या रस्त्यावर सुमारे 13 मीटरांत थांबते. ताशी 50 च्या वेगाने येणारे वाहन त्या एका सेकंदातच जवळजवळ 14 मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे पहिले वाहन जेथे मुलासमोर उभे राहते, तेथे दुसऱ्याचा ब्रेक नुकताच लागत असतो. उभ्या केलेल्या मोटारीआडून अचानक पुढे आलेल्या सात वर्षांच्या मुलाची उंची चालकाला दिसत नाही, आणि मुलाला वाहनाच्या वेगाचा अंदाज येत नाही. अशा मुलाला ‘रस्ता नीट बघून ओलांड’ असे सांगणे आवश्यक आहे. पण सगळा भार त्याच्या शहाणपणावर टाकणे हे मोठ्यांनी हात झटकण्यासारखे आहे. वाहतूक सप्ताहातील चित्रकला स्पर्धांविषयी मला म्हणूनच फारसा उत्साह वाटत नाही.

केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी 70 किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 अन्वये राज्य शासनाला विशिष्ट रस्त्यांवर ती खाली आणता येते. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने, जेथे पादचारी व वाहने नियमितपणे एकत्र येतात तेथे ताशी 30 ची मर्यादा असावी, असा आग्रह धरला. शाळेचे दार हे असे ठिकाण नव्हे काय?

अर्थात नुसता फलक लावून वेग उतरत नाही, हे आपण सारे जाणतो. रस्त्याची घडणच चालकाला पाय आवरायला लावणारी हवी. शाळेसमोरची पादचारी पट्टी पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घेतली, तर प्रत्येक वाहनाला तेथे मंदावणे भाग पडते. कोपऱ्यावर पदपथ थोडा पुढे काढला, तर मुलाने ओलांडायचे अंतर घटते आणि तेथे गाड्याही उभ्या राहत नाहीत. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळांभोवती असा सुरक्षित पट्टा आखण्याचा प्रयोग झाला आहे. नेदरलँड्सची आज सायकलींसाठी ख्याती आहे. पण 1971 साली तेथे रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली होती. त्यानंतर आईवडिलांनी उभारलेल्या चळवळीने तेथील वस्त्यांतल्या रस्त्यांचे रूप पालटण्यास चालना दिली.

येथे पालकांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. फाटकासमोर दुहेरी रांगेत मोटार उभी करणारा, दुचाकीवर हेल्मेटशिवाय दोन मुलांना बसवणारा पालकच असतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकासाठी हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टाही हवा आणि वेग ताशी 40 च्या आत हवा, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. किती घरांत तो ठाऊक आहे?

महाराष्ट्रातील वाचकांच्या हाती एक साधन आहे. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालकांचे प्रतिनिधी, पोलीस आणि परिवहन खात्याचे अधिकारी सदस्य असतात. ही समिती बहुधा बसची कागदपत्रे व भाडे एवढ्यावरच बोलते. पुढच्या बैठकीत पालक-प्रतिनिधींनी एक विषय लेखी मांडावा: फाटकाच्या दोन्ही बाजूंचे दोनशे मीटर, तेथील वेगमर्यादा, उंचावलेली पट्टी आणि शाळा सुटताना अर्धा तास वाहने उभी करण्यास मनाई. ठराव मंजूर करून महापालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे पाठवावा, आणि पोच मागून घ्यावी.