टिळकांचे दोन खटले आणि आपला अंक



या अंकासाठी मोठ्या वर्गातून ‘शनिवारची शाळा कशाला?’ असा लेख आला. काही पालकांचे म्हणणे पडले, की असे छापू नये, वर्गाचे नाव खराब होते. आम्ही तो छापत आहोत. का, ते सांगतो.

लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तील लिखाणाबद्दल दोनदा राजद्रोहाची शिक्षा झाली. १८९७ साली दीड वर्षाची, १९०८ साली सहा वर्षांची. दुसऱ्या वेळी त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. आरोप एवढाच, की सरकारविषयी लोकांच्या मनात अप्रीती निर्माण केली.

तेच टिळक १९१८ साली इंग्लंडला आले, ते फिर्यादी म्हणून! व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात त्यांचा संबंध राजकीय खुनांशी जोडला होता. टिळकांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९१९ साली लंडनच्या कोर्टात ते हरले.

लेखणीसाठी तुरुंगात गेलेला माणूस दुसऱ्याच्या लेखणीविरुद्ध कोर्टात जातो, हे विसंगत नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. सरकारवर टीका करणे वेगळे आणि एखाद्या माणसावर खोटा आळ घेणे वेगळे. इंग्लंडने राजद्रोहाचा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. अब्रूनुकसानीचा दावा मात्र आजही लावता येतो. भारतात राजद्रोहाचे कलम १२४अ जुन्या दंडसंहितेबरोबर १ जुलै २०२४ रोजी गेले, पण नव्या संहितेचे कलम १५२ त्याच वळणाचे आहे अशी टीका होते. म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या छोट्या अंकातही आम्ही हीच रेघ ओढतो. वर्गाला, अभ्यासाला, आम्हा संपादकांना खुशाल नावे ठेवा. मात्र कुणाबद्दल खोटे लिहू नका, कुणाच्या रंगावरून, जातीवरून किंवा अडखळत्या मराठीवरून टिंगल करू नका. तसे आम्ही छापणार नाही.

आणि पालकहो, आपले मूल तक्रारसुद्धा मराठीत करते आहे, हे थोडे आहे का? लेख पटला नाही तर उत्तर लिहा. पुढच्या अंकात तेही छापू.

जाता जाता : टिळक लंडनमध्ये राहिले त्या हाऊली प्लेसमधील घरावर निळी पाटी आहे. रीडिंगहून गाडीने पॅडिंग्टनला गेलात, की तिथून चालत जाऊन जरूर पाहा.