घराखालची माती

दोस्तहो, पंढरपुरात गेलात तर कळसाकडं बघत बसू नका. खाली बघा. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबाची समाधी आहे. तिथं डोकं टेकणाऱ्याला विचारा, हा माणूस मेला कशानं? तो अभंग म्हणेल, पण उत्तर देणार नाही.

चोखोबा भिंतीखाली मेला. साल 1338. शेजारच्या मंगळवेढ्याला गावकुसाचं काम निघालं. महारांना कामाला जुंपलं. भिंत ढासळली, माणसं गाडली गेली. परंपरा सांगते, नामदेवानं ढिगारा उपसला आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव आलं ती चोखोबाची म्हणून पंढरीला आणली. मग जी हाडं बोलली नाहीत ती कुणाची? त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत. आम्ही त्यांचे वंशज.

चोखोबाची हाडं पायरीशी आली. त्याच्या माणसांना पायरी चढायला मात्र 1947 उजाडलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

मे 2024 मध्ये याच देवळात जतनाचं काम चालू असताना हनुमान दरवाजाजवळ तळघर सापडलं. मूर्ती निघाल्या. पुरातत्त्ववाले आले, कॅमेरे आले. देवाखालची माती जपून काढली, छान झालं. माणसाच्या घराखालची माती काढताना ही अक्कल कुठं शेण खाते?

वाडा जुना, पाया दगडमातीचा. मालकाला खाली गाळा पाहिजे. ठेकेदार नाक्यावरून चार पोरं उचलतो. कुदळ, फावडं, घमेलं, आणि उतरा खाली! पायाला बाजूची माती धरून असते, हे पोरांना कोण सांगणार? ती सलग उपसली की पाया सुटतो. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते; खड्ड्याची कड उभी दिसते आणि एकदम बसते. वर काढलेला ढीग काठावरच रचलेला असेल तर त्याचं ओझं वेगळंच. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

उपाय अवघड नाही. आधी घराला टेकू द्या. पायाखालची माती थोडी थोडी, एक टप्पा सोडून एक काढा. काढलेल्या जागी नवं बांधकाम पक्कं झाल्यावरच पुढचा टप्पा. खड्ड्याला फळ्या आणि आडवे टेकू लावा. ढीग काठापासून लांब टाका. उतरायला-चढायला शिडी ठेवा. बांधकाम कामगारांच्या 1998 च्या केंद्रीय नियमांत लिहिलं होतं, कामगाराच्या पायापासून दीड मीटरपेक्षा उंच कड असेल तर तिला आधार हवाच. दीड मीटर म्हणजे जवळजवळ आपल्या हनुवटीइतकं. पण फळीला पैसे पडतात. माणूस फळीपेक्षा स्वस्त मिळतो, हेच खरं दुखणं.

14 ऑक्टोबर 2020. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पावसात कोसळली. आडोशाला थांबलेली सहा माणसं गेली. 1338 ते 2020. भिंत पडते तेव्हा खाली कोण असतं, ते बघा.

तेव्हा पोरांनो, वस्तीजवळ खड्डा दिसला की वाकून बघा. टेकू नसेल तर आतल्या भावाला हात देऊन वर काढा. काम थांबवा. मुकादम शिव्या देईल, खाऊन घ्या. ढिगाऱ्यातून हाडं वेचायला आता नामदेव येणार नाही. आणि आम्हाला आणखी समाध्या नकोत.

जय भीम!