बाळंतिणीला पंधरा मिनिटं द्या

बाळंतपणानंतर पोट सुटलं की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. घरातली वडीलधारी म्हणतात, पोट घट्ट बांध, नाहीतर वारा भरेल. मोबाइल म्हणतो, रोज पन्नास क्रंचेस कर. दोघांनीही एक गोष्ट धरून चाललेली असते, की पोट म्हणजे चरबी. पुष्कळ जणींच्या बाबतीत ते खरं नसतं. त्यांच्या पोटाच्या मधोमध स्नायूंमध्ये फट पडलेली असते, आणि ती ना बांधून भरते, ना घाम गाळून.

बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोटाचे दोन उभे स्नायू शेजारी शेजारी असतात. त्यांना जोडणारी मधली पट्टी गर्भ वाढतो तशी ताणते, रुंद आणि पातळ होते. डॉक्टर याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी 300 पहिलटकरणींची पाहणी करून 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी त्यांतल्या 60 टक्के जणींना अशी फट होती, वर्षभरानंतरही जवळपास 33 टक्के जणींना होती. म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच पाहणीत फट असलेल्यांना इतरांपेक्षा जास्त कंबरदुखी आढळली नाही. तेव्हा ‘आता कंबर कायमची गेली’ अशी भीती घालणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका.

फट घरीच पाहता येते. उताणं झोपून गुडघे वाकवा. बेंबीच्या वर मधोमध बोटांची टोकं ठेवा आणि डोकं-खांदे जरासे उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू घट्ट होतात, त्यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा. बेंबीखालीही तसंच करा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली, तर फट आहे असं समजून चाला.

सुरुवात श्वासाने करायची. त्याच स्थितीत नाकाने श्वास घ्या, पोट फुगू द्या. श्वास हळू सोडताना लघवी अडवावी तसे खालचे स्नायू वर ओढा आणि बेंबीखालचं पोट अलगद आत घ्या. चार-पाच सेकंद धरा, पण श्वास रोखू नका. असं आठ-दहा वेळा. हे जमलं की श्वास सोडता सोडता कमरेखालची पोकळी जमिनीला टेकवायची आणि सोडायची. त्यानंतर एका वेळी एकच टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. काही आठवड्यांनी भिंतीवर हात टेकवून दंड आणि सेतुबंधासन. पुढे कुठवर जायचं हे पोटच सांगतं. व्यायाम करताना मधोमध तंबूसारखा उंचवटा आला, तर तो प्रकार अजून झेपत नाही. एक पायरी मागे या.

नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं, प्लँक, कपालभाती हे सुरुवातीला नकोच. क्रंचेसबद्दल मात्र दोन्हीकडून अतिरेक होतो. 2023 मध्ये नॉर्वेतच झालेल्या एका चाचणीत, बाळंतपणाला सहा महिने ते वर्ष झालेल्या बायकांनी बारा आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम केले. फट वाढली नाही, स्नायूंची ताकद वाढली. म्हणजे क्रंचेस विष नाहीत, पण ती पहिली पायरीही नाही. आणि व्यायामाने फट पूर्ण मिटेलच, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो काहीतरी विकतो आहे. ताकद परत येते, आणि खरी गरज तिचीच असते.

पोटपट्ट्याला माझा विरोध नाही. सिझेरियननंतर हालचाल करताना त्याचा आधार वाटतो. पण पट्टा स्नायूंचं काम स्वतः करतो, स्नायूंना शिकवत नाही. तो करकचून बांधला तर पोटातला दाब खाली, आधीच थकलेल्या ओटीपोटाच्या स्नायूंवर येतो.

महाराष्ट्रात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दर चारपैकी एक बाळंतपण सिझेरियनने होतं. टाके असलेल्यांनी श्वासाचा व्यायाम दुखत नसेल तेवढाच करावा, बाकीचे सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांना विचारूनच. आठ आठवड्यांनंतरही फट जाणवत असेल किंवा खोकताना लघवी होत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. बेंबीजवळ गाठ येत असेल, तर ती हर्निया असू शकते; डॉक्टरांना दाखवा. गाठ दुखू लागली किंवा आत जाईनाशी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

व्यायामाइतकंच महत्त्व उरलेल्या दिवसाला आहे. अंथरुणातून सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथण्याचा सगळा ताण त्याच पट्टीवर येतो. भरलेली बादली, पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर उचलण्याचं काम या काळात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचं आहे.

आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात. भर असतो तो बाळाचं वजन, अंगावरचं दूध, आईचा ताप आणि रक्तस्राव यांवर. शेवटच्या भेटीत बोटांची ही एक तपासणी आणि श्वासाचा एक व्यायाम शिकवण्याची भर घातली, तर सरकारला फारसा खर्च नाही.

घराने तोवर थांबायचं कारण नाही. डिंकाचे लाडू आणि मालिश यांची काळजी आपण हौसेने घेतो. त्यासोबत रोज पंधरा मिनिटं बाळाला दुसऱ्या कोणीतरी घ्या, आणि त्या वेळात तिला एकटीला जमिनीवर सतरंजी टाकून झोपू द्या.