निवडणुकीनंतरचा वापसा



गेल्या आठवड्यात एका वस्तीवर हरभरा पाहायला गेलो होतो. घाटेअळीचे बोलणे संपले, चहा आला, तेव्हा घरधनी म्हणाले, "साहेब, आता मत द्यायलाच जाऊ नये असं वाटतं. आपण ज्याला देतो तो उठून दुसरीकडे जाऊन बसतो. आपण मात्र शेजाऱ्याशी वैर घेऊन बसतो."

त्यांचे म्हणणे खोटे कसे म्हणावे? २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत आपल्या राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले. वर नेते वेगळे झाले. खाली गावात मात्र भाऊबंदांचे बोलणे बंद झाले, ते बंदच.

तुम्ही म्हणाल, खतबियाण्याचे सांगणारा हा माणूस राजकारणात कुठे शिरला? मी सरकारी नोकर. मला पक्ष दोनच माहीत, एक शुक्ल पक्ष आणि दुसरा कृष्ण पक्ष. पण गावातल्या वैराने पीक वाळते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेवढेच आज सांगतो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. माझ्या भागातल्या एका गावात त्या फार चुरशीने लढल्या गेल्या. खरे तर ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. तिथे कपबशी, छत्री अशी चिन्हे असतात. पण त्या कपबशी-छत्रीपायी लोकांनी एकमेकांच्या घरचा चहा सोडला. निकाल लागला आणि चारच दिवसांत शिवारातली डीपी जळाली. दोन्ही पॅनेलच्या मोटारी त्याच डीपीवर. जिंकलेले म्हणाले, "अर्ज त्यांनी करावा, आम्हाला शिव्या देतात ना!" हरलेले म्हणाले, "सत्ता त्यांची, त्यांनीच आणावी. आम्ही पळापळ करायची आणि नाव त्यांचं व्हायचं!"

इकडे गहू तीन आठवड्यांचा होत आला. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले की फुटवे कमी येतात, आणि ते नुकसान पुढे कितीही युरिया टाकला तरी भरून निघत नाही. हेच सांगायला मी देवळासमोर बैठक बोलावली. लोक आले, पण मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून दोन बाजूंना बसले. मी मुकुटमुळांवर बोलत होतो आणि लोक एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते.

तेवढ्यात मागून एक आजी उठल्या. म्हणाल्या, "अहो साहेब, त्या डीपीलाच विचारा की, ती कोणाच्या पॅनेलची? जळताना तिनं दोन्हीकडच्या मोटारी बंद केल्या. गावात न्यायाची तेवढी एकच निघाली बघा!"

कोणी तरी म्हणाले, "मग तिलाच सरपंच करायला पाहिजे होतं." सगळी बैठक हसली. नवे सरपंच हसले, पडलेले उमेदवारही हसले. मी लगेच वहीचा कागद फाडून अर्ज लिहायला दिला. अर्ध्या तासात एकाच कागदावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दोघे पुढारी एकाच गाडीवर बसून वीज कार्यालयात गेले, असे खोटे सांगणार नाही. दोन गाड्यांवर गेले, पण बरोबर गेले. सहाव्या दिवशी डीपी बसली. उशिराचा गहू सावरला. आगाप पेरलेल्यांचे फुटवे मात्र कमीच राहिले. वैराची ती किंमत.

त्या दिवशी मला वापसा आठवला. पावसानंतर लगेच औत घातले तर ढेकळे निघतात. फार थांबलो तर जमीन कडक होते, फाळ आत जात नाही. ओल आणि हवा दोन्ही जमिनीत असतात तो वापसा, पेरायची वेळ तीच. निवडणुकीनंतर माणसांची मनेही अशीच चिखल झालेली असतात. रागात काम काढले तर ढेकळे निघतात. निराश होऊन बसून राहिलो तर मने कडक होतात. विनोदाने मनाला वापसा येतो. पण वापसा आला आणि पेरले नाही, तर त्याचा उपयोग काय? आजींच्या बोलण्यावर नुसते हसून लोक घरी गेले असते, तर डीपी आली नसती.

गाडगेबाबांची रीत आठवा. गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तनात लोकांना साधे साधे प्रश्न विचारून त्यांच्याच खुळ्या समजुतींवर हसवायचे. हसवणे आणि झाडणे एकाच माणसाकडे होते, म्हणून लोकांनी ऐकले.

आपल्याला काय करता येईल?

विनोद आधी स्वतःवर करावा, मग सत्तेवर. कोणाच्या जातीवर, गरिबीवर किंवा घरच्या बाईमाणसावर केलेला विनोद हा विनोद नव्हे, ती ठिणगी असते. मोबाईलवर आलेला असला मजकूर पुढे ढकलू नये.

गावाचे एकच छोटे काम धरावे, पाणंद रस्ता किंवा शाळेचे छप्पर, आणि त्याला तारीख घालावी.

ग्रामसभेला जावे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतले जे कमी असेल तेवढे लोक जमले की सभा भरते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. भगिनींनो, ती कागदावरच उरकू देऊ नका.

पैसा कुठे गेला हे भांडून कळत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांत अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या अर्जावर दोन्ही गटांतल्या एकेकाने सही केली, तर त्याला कोणी गटबाजी म्हणणार नाही.

ज्वारीत तूर घेतो तेव्हा आपण दोन पिकांना एक व्हा म्हणत नाही. एकाची मुळे वर, दुसऱ्याची खोल, आणि जमीन एकच. मत वेगळे असू द्या. पाण्याची पाळी, पाणंद आणि डीपी मात्र सगळ्यांची एकच आहे.

या आठवड्यात एक करा. ज्याच्याशी निवडणुकीपासून बोलणे बंद आहे, त्याला बांधावर हाक मारा. सुरुवात कशी करावी हे सुचले नाही, तर आजींच्या डीपीची गोष्ट सांगा. तो हसला तर समजा, वापसा आला. मग उशीर करू नका.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)